तळव्याखालच्या गादीचा मागोवा

पायाच्या कमानीला बुटातून आधार द्यायला हवा, ही कल्पना आधुनिक अस्थिवैद्यकात रुजली तेव्हा तो आधार पोलादी होता. १८८० च्या दशकाच्या अखेरीस रॉयल व्हिटमन या अमेरिकी शल्यविशारदाने सपाट पायांवर निबंध लिहिले. तो रुग्णाच्या पायाचा प्लास्टरचा साचा घ्यायचा आणि त्याबरहुकूम घडवलेली धातूची पट्टी बुटात बसवायचा. पट्टीची आतली कड उंच असे आणि वजन पडलं की ती कमानीला खालून रेटत असे. त्यामागचा विचार सरळ होता. तुळई वाकली की तिला खांब लावायचा, तसा खचलेल्या कमानीला टेकू द्यायचा. पुढची कितीतरी दशकं या क्षेत्रातली बहुतेक माणसं याच विचाराने चालली.

पट्टी दवाखान्यातून दुकानात आणली ती शिकागोच्या विल्यम शॉलने. १९०४ साली वैद्यकाची पदवी घेतली त्याच सुमारास त्याने ‘फूट-ईझर’ नावाचा कमानीचा आधार बाजारात आणला. बुटांच्या दुकानात काम केल्यामुळे दुखरे पाय कुठे येतात हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दुकानातल्या विक्रेत्यांना पायाची रचना शिकवायची आणि त्यांच्याकरवी आधार विकायचे, ही त्याची पद्धत. तिकडे जर्मनीत कॉनराड बिर्केनश्टॉकने १९०२ साली तळव्याच्या वळणाचा लवचीक आतला तळ तयार केला. धातूपेक्षा हे नक्कीच शहाणपणाचं होतं. तरी दोघांच्या मनातलं चित्र एकच होतं. चांगल्या पायाला एक ठरावीक आकार असतो आणि तो बिघडला की बुटाने परत आणायचा, असं ते चित्र.

पाय मात्र या चित्रात बसत नाही. टाचेचं हाड आणि बोटांची मुळं यांच्यामध्ये तळव्याखालून एक चिवट पडदा ताणलेला असतो. चालताना टाच उचलली आणि बोटं वर वळली की हा पडदा बोटांच्या मुळाशी गुंडाळला जातो, ताणतो आणि कमान आपोआप उंचावते. जे. एच. हिक्स यांनी १९५४ साली हे दाखवून दिलं. पुढे १९८७ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी मोजून सांगितलं, की धावताना एका पावलात शरीराची जी ऊर्जा खालीवर होते, तिच्यातला सुमारे १७ टक्के भाग कमान दबताना साठवते आणि उसळताना परत देते. म्हणजे दर पावलाला थोडं खाली बसणं आणि पुन्हा वर येणं हेच कमानीचं काम. तिला पोलादावर अडकवून ठेवलं तर ती तेवढं काम विसरते.

सपाट पाय हा मुळात आजार आहे का, हा प्रश्नही उशिराच विचारला गेला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हॅरिस आणि बीथ या कॅनडाच्या डॉक्टरांनी साडेतीन हजारांहून अधिक सैनिकांचे पाय तपासले. १९४७ च्या त्यांच्या अहवालाचा निष्कर्ष असा, की लवचीक सपाट पाय असलेला सैनिक कामात कमी पडतोच असं नाही. आपल्याकडच्या सैन्यभरतीच्या वैद्यकीय नियमांतही ही सवलत आहे. चवड्यावर उभं राहिल्यावर कमान दिसते, पाय लवचीक आहे, दुखत नाही, तर उमेदवार चालतो. सातारा-कोल्हापूरकडे भरतीची तयारी करणाऱ्या किती मुलांना हे नीट सांगितलं जातं? ओल्या पायाचा ठसा फरशीवर भरून उमटला म्हणून एखाद्या पोराने धीर सोडावा, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

लहान मुलांच्या बाबतीत तर पुरावा आणखी स्पष्ट आहे. डॅलसमध्ये वेंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सपाट पायांच्या मुलांना तीन वर्षं खास बूट आणि आतले आधार वापरायला दिले, काहींना काहीच दिलं नाही. १९८९ साली निकाल छापून आला. कमानी सगळ्यांच्याच सुधारल्या होत्या आणि आधार घेतलेल्यांच्या वेगळ्या सुधारल्या नव्हत्या. वय वाढलं, कमान आली, इतकंच. त्यानंतर तीनच वर्षांनी राव आणि जोसेफ या कर्नाटकातल्या डॉक्टरांनी २,३०० मुलांच्या पायांचे ठसे घेतले. पादत्राणं वापरणाऱ्या मुलांत सपाट पायांचं प्रमाण ८.६ टक्के, अनवाणी फिरणाऱ्यांत २.८ टक्के. बंद बुटांत ते सर्वांत जास्त, चपला-सँडलमध्ये त्याहून कमी. शाळेच्या काळ्या बुटात चार वर्षांच्या मुलाचा पाय दिवसभर कोंबण्याआधी आईवडिलांनी हे आकडे जरूर पाहावेत. न दुखणाऱ्या, लवचीक पायाखाली आधार सरकवणं हा खर्च वाया जातो, आणि मुलाच्या मनात आपल्यात काहीतरी उणं आहे हे रुजतं ते वेगळंच.

मग गादीची खरी गरज कोणाला? याचं उत्तर तमिळनाडूत सापडलं. ते शोधायला मदत करणाऱ्या माणसांना आपले पाय दुखतात हेही कळत नव्हतं.

पॉल ब्रँड यांचा जन्म १९१४ साली कोल्ली डोंगरात झाला. आईवडील मिशनरी होते. शल्यवैद्यकाचं शिक्षण इंग्लंडमध्ये घेऊन १९४६ मध्ये ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरुग्णांची बोटं आणि तळवे आजारामुळे झडत जातात, असंच तोवर मानलं जाई. ब्रँड यांनी जखमांची बारकाईने नोंद ठेवायला लावली आणि उलगडत गेलं ते असं: जंतू मज्जातंतू मारतो, संवेदना जाते, आणि पुढचं सगळं नुकसान काटा, खिळा, चटका, घट्ट पट्टा आणि रोजची चाल करते. तळवा सडत नव्हता, तो चालून चालून फाटत होता. औषधाने जंतू मेला तरी हे थांबत नाही, कारण गेलेली संवेदना बहुधा परत येत नाही. तेव्हा शल्यविशारदाला पादत्राणाच्या कामात उतरावं लागलं.

वेल्लोरजवळच्या करिगिरीच्या कुष्ठरोग संशोधन केंद्रात हे काम वाढलं. लाकडी तळ करून पाहिले, पुढून वर वळलेले झुलते तळ केले, साच्यांवर घडवलेले तळ केले. अखेर स्थिरावलं ते मायक्रोसेल्युलर रबर (एमसीआर), ज्यात सूक्ष्म बंद पोकळ्या असतात. शोअर मापावर त्याची कठीणता १५ च्या आसपास ठेवायची असं ठरत गेलं. यापेक्षा मऊ असेल तर ते वजनाखाली पार बसतं आणि पाय खालच्या कडक तळावर आदळतो, यापेक्षा कडक असेल तर दाब पसरतच नाही. खाली टायरच्या रबराचा जाड तळ, म्हणजे बाभळीचा काटा वर येणार नाही. खिळे कुठेही नाहीत, सगळं शिवून किंवा चिकटवून. मागे पट्टा, कारण बधिर पायातून चप्पल कधी निसटली हे माणसाला कळत नाही. अंगठ्याची पकड शक्यतो टाळायची, कारण बधिर अंगठा चप्पल धरून ठेवू शकत नाही आणि पकडीच्या फटीत कातडी घासते. यातली प्रत्येक गोष्ट कोणाच्या तरी जखमेतून शिकलेली आहे.

ब्रँड यांनी केलेली दाबांची विभागणी मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा विचार वाटतो. खिळ्यासारखा टोकदार दाब एका क्षणात कातडी भेदतो. घट्ट पट्ट्याचा हलका पण अखंड दाब तासन्‌तास रक्त अडवून ठेवतो. तिसरा दाब मध्यम असतो, एका वेळी अगदी निरुपद्रवी, पण एकाच जागी हजारो पावलं पडला की आतल्या मांसाला सूज येते आणि शेवटी व्रण होतो. धडधाकट माणूस लांब चालला की नकळत लंगडतो, भार बाहेरच्या कडेवर टाकतो, पाऊल बदलतो. दुखणं त्याच्याकडून हे करून घेतं. बधिर पाय शेवटच्या मैलापर्यंत त्याच जागी तसाच आपटतो. १९६६ मध्ये ब्रँड अमेरिकेत लुइझियानातल्या कार्विलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले. तिथे उंदरांच्या तळव्यांवर दिवसाला हजारो वेळा तोच माफक दाब देऊन त्यांनी हे सिद्ध केलं. मधे विश्रांती मिळाली तर तीच कातडी जाड होऊन टिकते हेही दिसलं. चपलेची चाचणी घ्यायची साधनं त्यांनी साधीच ठेवली. रंगाच्या सूक्ष्म कुप्या भरलेले मोजे घालून रुग्णाला चालवायचं आणि जिथे कुप्या फुटून डाग पडले तिथे दाब जास्त असं समजायचं. किंवा चालून आल्याबरोबर तळव्यावरून हात फिरवायचा. एखादी जागा आजूबाजूपेक्षा गरम लागली तर तिथली गादी चुकली.

कमानीखालच्या आधाराचं प्रयोजनच इथे पालटलं. बधिर पायात जखम होते ती बहुधा चवड्यावर, बोटांच्या मुळांशी. कमानीचा भाग बहुतेक वेळ अधांतरी, बिनकामाचा. तळाला तळव्यासारखंच वळण दिलं की कमानही थोडा भार उचलते आणि चवड्यावरचा तेवढा कमी होतो. कमान किती उंच दिसते याच्याशी इथे देणंघेणं नाही. कोणत्या जागेवर किती वजन पडतं, एवढंच पाहायचं. व्हिटमनच्या पट्टीपासून इथवर यायला जवळजवळ सत्तर वर्षं लागली.

महाराष्ट्रात कुष्ठसेवेची परंपरा जुनी आहे. मनोहर दिवाण यांचं वर्ध्याजवळचं दत्तपूर १९३६ चं, शिवाजीराव पटवर्धनांचं अमरावतीचं तपोवन १९४६ चं, त्यानंतर बाबा आमट्यांचं आनंदवन. करिगिरीची चप्पल पुढे राष्ट्रीय कार्यक्रमातून गावोगाव पोचली. आरोग्य केंद्रातले कर्मचारी तिला ‘एमसीआर चप्पल’ म्हणतात आणि आजही ती वाटली जाते. तिची एक अडचण मात्र वैद्यकातली नव्हती. रुंद पट्ट्यांची ती काळी चप्पल पायात दिसली की गावाला आजार कळायचा. म्हणून घरी कोपऱ्यात ठेवून लोक साधी स्लीपर घालून बाहेर पडत आणि जखम पुन्हा उघडत असे. मग बाजारातल्या चपलेसारखे रंग, वेगळे पट्टे, बायकांसाठी नाजूक दिसणारे नमुने आले. दिसणं हा आधाराच्या रचनेतला दुय्यम भाग आहे असं जो मानतो, त्याला हे काम जमणार नाही.

याच काळात श्रीमंत देशांत दुसरीच घोडदौड चालू होती. कॅलिफोर्नियाच्या मर्टन रूट यांनी घोट्याखालच्या सांध्याची मधली स्थिती ठरवून कडक प्लास्टिकचे आधार घडवायची पद्धत घालून दिली. सत्तरच्या दशकात पळण्याचं वेड आलं, बुटांत इव्हीए या प्लास्टिकचा फेस आला, आणि दुकानात कमानीच्या उंचीवरून बुटाचा प्रकार ठरवून मिळू लागला. अमेरिकी सैन्याने २००९-१० च्या सुमारास हजारो नव्या सैनिकांवर हे तपासलं, तेव्हा कमान पाहून बूट दिल्याने दुखापती कमी झाल्या नाहीत. टाचदुखीवरची २००६ ची ऑस्ट्रेलियातली चाचणीही बोलकी आहे. आधाराने सुरुवातीला थोडा उतार पडतो, वर्षाअखेरीस फरक उरत नाही, आणि मापाने घडवलेला महागडा आधार तयार आधारापेक्षा सरस ठरत नाही. सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाच धरते म्हणून हजारो रुपये मोजायला निघालेल्या प्रत्येकाला हे आधी कळायला हवं.

म्हणजे घडवण्यातलं कसब निरर्थक ठरलं असं नाही. चवड्यामागे ठेवायची छोटी गादी हाडांच्या टोकांच्या किंचित मागे हवी, ती थेट टोकांखाली आली तर दुखणं वाढवते. कमानीचा उंचवटा पुढे सरकला तरी तसंच. वर मऊ थर, मधे दाब पेलणारा, खाली आकार न सोडणारा, असे थर लागतात आणि तेवढी जागा बुटात असावी लागते. नाहीतर वरून बोटं दाबली जाऊन कुरूप होतं.

आणि इथेच आपला प्रश्न वेगळा होतो. परदेशी आधार लेस बांधायच्या बंद बुटासाठी घडतो. आपण चपला घालतो आणि उंबऱ्यापाशी काढतो. सुटी गादी चपलेत टिकत नाही, त्यामुळे आधार चपलेच्या तळातच घडवावा लागतो, जसा करिगिरीत घडवला. कुष्ठरोगासाठी उभी राहिलेली ही विद्या आता मधुमेहाच्या कामी येते आहे. २०२३ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि त्यातल्या अनेकांचे तळवे हळूहळू बधिर होत जातात. चेन्नईत २४१ मधुमेही रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २००४ मध्ये छापून आले. एमसीआर किंवा तत्सम गादीची पादत्राणं घालणाऱ्यांत नवे व्रण ४ टक्क्यांना झाले, नेहमीच्या कडक तळाच्या चपला घालणाऱ्यांत ३३ टक्क्यांना. पण ही चप्पल दाराबाहेर राहते. स्वयंपाकघरात, देवघरात, रात्री उठून मोरीकडे जाताना पाय अनवाणीच असतो, आणि घरातल्या बाईची दिवसभरातली बरीचशी पावलं तिथेच पडतात. घरात वापरायची, धुता येणारी, देवघरातही खटकणार नाही अशी स्वच्छ वेगळी जोडी रुग्णाला पहिल्याच दिवशी बाहेरच्या जोडीबरोबर लिहून द्यायला हवी. तिची गादीही काही महिन्यांत बसते. अंगठ्याने दाबून ती परत वर येत नसेल तर जोडी बदलायची, पट्टे कितीही शाबूत दिसत असले तरी.