भिंतीवरचा टीव्ही कशाच्या आधारावर राहतो?

आमच्या शाळेला ४३ इंची टीव्ही भेट मिळाला, तेव्हा तो भिंतीवर बसवण्याचे काम आम्ही दोघा शिक्षकांनी आणि दहावीच्या पाच-सहा मुलांनी अंगावर घेतले. ड्रिल मशीन एका पालकांनी दिले. ब्रॅकेट टीव्हीबरोबरच आले होते. तासाभराचे काम म्हणून सुरू केले आणि त्याला तीन शनिवार लागले! पण त्या तीन शनिवारांत तरफ, घर्षण आणि परावर्तन हे तीन धडे असे शिकवून झाले, की पुढे फळ्यावर ते पुन्हा काढावे लागले नाहीत.

सुरुवातीलाच मुलांना एक प्रश्न विचारला. भिंतीवरचा टीव्ही निखळला तर कोणत्या दिशेने निखळेल? सर्वांचे उत्तर एकच : खाली. वजन खाली ओढते, तेव्हा स्क्रू खाली वाकेल किंवा तुटेल, असा त्यांचा तर्क. आपल्यालाही प्रथम तसेच वाटते. परंतु सहा मिलिमीटर जाडीचा पोलादी स्क्रू नऊ-दहा किलोंच्या भाराने तुटत नाही. टीव्ही पडतो तो बहुधा स्क्रू भिंतीतून बाहेर ओढला गेल्यामुळे. वजन खाली असताना स्क्रूला बाहेर कोण ओढते?

ब्रॅकेटची लोखंडी पाटी भिंतीला टेकलेली असते. टीव्ही मात्र भिंतीपासून काही अंतरावर असतो. त्यामुळे टीव्हीचे वजन पाटीला तिच्या खालच्या कडेभोवती फिरवू पाहते. खालची कड भिंतीत रुतू पाहते आणि वरची कड भिंतीपासून सुटू पाहते. ही सरळ सरळ तरफ आहे. खालची कड हा टेकू, टीव्हीचे वजन हा भार, आणि वरच्या स्क्रूंची पकड हे बल. म्हणून :

वरच्या स्क्रूंवरील ओढ × पाटीची उंची = टीव्हीचे वजन × भिंतीपासूनचे अंतर

(बल न्यूटनमध्ये मोजायला हवे, एक किलोचा भार म्हणजे सुमारे ९.८ न्यूटन, हे वाचकांना ठाऊक आहेच. येथे सोयीसाठी किलोच वापरू.)

आमचा टीव्ही ९ किलोंचा होता. वरच्या स्क्रूंची खालच्या कडेपासूनची उंची २० सेंटिमीटर. साधे, भिंतीला चिकटून राहणारे ब्रॅकेट असेल तर टीव्हीचे वजन भिंतीपासून सुमारे ५ सेंटिमीटरवर येते. ९ गुणिले ५ भागिले २०, म्हणजे वरच्या स्क्रूंवर मिळून सव्वादोन किलोंची ओढ. अगदी किरकोळ. पण आमचे ब्रॅकेट हात असलेले होते. टीव्ही पुढे ओढून हव्या त्या बाजूला वळवता येत असे, आणि पूर्ण ओढल्यावर तो भिंतीपासून ४० सेंटिमीटरवर जाई. आता ओढ झाली १८ किलो. हाताचे स्वतःचे वजन ३ किलो आणि ते मध्यावर धरले, तर आणखी ३. म्हणजे तोच टीव्ही, तीच भिंत, तेच स्क्रू आणि ओढ नऊपटींहून जास्त. मधल्या सुट्टीत २५ किलोंचा एखादा मुलगा त्या हाताला लोंबकळला तर त्यात ५० किलोंची भर! शाळेत मुलगा लोंबकळणार नाही असे गृहीत धरणाऱ्याने शिक्षकी पेशात राहू नये.

वर्गात हे दाखवायला टीव्ही लागत नाही. दोन लाकडी पट्ट्या काटकोनात घट्ट ठोका. उभ्या पट्टीचे खालचे टोक एका खिळ्याने फळकुटावर सैलसर बसवा, म्हणजे ती खिळ्याभोवती फिरू शकेल. खिळ्यापासून २० सेंटिमीटर उंचीवर तानकाटा अडकवून आडव्या पट्टीच्या विरुद्ध बाजूला आडवा ओढून धरा. आधी मोकळ्या पट्टीचे वाचन घ्या आणि ते पुढच्या प्रत्येक वाचनातून वजा करा. मग ५०० ग्रॅमचे वजन आडव्या पट्टीवर १० सेंटिमीटरला टांगा : काटा सुमारे २५० दाखवेल. २० ला ५००, आणि ४० ला १०००. टांगलेल्या वजनाच्या दुप्पट ओढ काट्यावर दिसली की मुले काटाच बिघडला असे म्हणतात. तिथेच थांबावे आणि उत्तर त्यांच्याकडून काढून घ्यावे.

आता दुसरा प्रश्न : ही ओढ भिंत सोसते कशी? विटेत स्क्रूचे आटे लाकडासारखे रुतत नाहीत, विटेचा भुगा होतो. जुने गवंडी भिंतीत खोबण करून लाकडाचा गुटका ठोकत आणि त्यात खिळा मारत. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये भिंती फारशा न फोडता विजेचे सामान बसवायचे होते. त्या कामासाठी जॉन जोसेफ रॉलिंग्ज या कंत्राटदाराने तागाच्या तंतूंची एक छोटी नळी तयार केली आणि १९११ मध्ये तिचे पेटंट घेतले. रॉलप्लग हे नाव त्याच्याच आडनावावरून आले. पुढे १९५८ मध्ये जर्मनीच्या आर्टुर फिशर यांनी नायलॉनचा, चिरा असलेला प्लग काढला. दुकानात ‘गिट्टी’ मागितल्यावर मिळते ती याच घराण्यातली. याच फिशर यांनी आयुष्यभरात हजाराहून अधिक पेटंटे मिळवली, पण घराघरांत पोहोचला तो हा बोटाच्या पेराएवढा तुकडा.

प्लगचे काम घर्षणावर चालते. स्क्रू आत शिरला की प्लग फुगतो आणि छिद्राच्या बाजूंना दाबतो. दाब जितका जास्त, तितके घर्षण जास्त, आणि तितकी बाहेर ओढण्याला अडवणूक जास्त. म्हणूनच छिद्र प्लगच्या मापाचेच हवे. आठच्या प्लगला आठचीच बिट. छिद्रात धूळ राहिली तर ती बारीक गोट्यांसारखी वागते आणि घर्षण कमी करते. आम्ही सायकलच्या पंपाने प्रत्येक छिद्र फुंकून घेतले. (पंप मारणाऱ्याने चष्मा घालावा, आमच्या एका विद्यार्थ्याने हे स्वानुभवाने शिकून घेतले.)

पण दाब सोसायला प्लगभोवती काहीतरी भक्कम असायला हवे ना? इथेच आमची चूक झाली. पहिल्या शनिवारी ब्रॅकेटबरोबर आलेले ३० मिलिमीटरचे प्लग ठोकले, पाटी कसली, हाताने हलवून पाहिली. दगडासारखी घट्ट. टीव्ही अडकवायचा तेवढा बाकी होता. तेवढ्यात दहावीतील एक मुलगी म्हणाली, “सर, आधी पाण्याची बादली टांगून बघू या का?” हात पूर्ण बाहेर ओढला, टोकाला रिकामी बादली बांधली, खालची बाके बाजूला केली आणि लांब दांड्याच्या डब्याने पाणी ओतत गेलो. बादलीसह सुमारे आठ किलो झाले असतील, तेव्हा वरचा डावा स्क्रू प्लगसह आणि तळहाताएवढ्या गिलाव्यासह निघून आला. पाठोपाठ बादली. टीव्हीचे वजन नऊ किलो होते आणि त्याच्या बरोबर खाली पहिले बाक होते. बराच वेळ कोणी बोलले नाही.

छिद्रात खिळा घालून खोली मोजली, तेव्हा कारण कळले. चांगल्या वीटबांधकामावर आतला गिलावा साधारण १२ ते १५ मिलिमीटर असतो. आमच्या जुन्या भिंतीवर दुरुस्तीचे थर चढत चढत तो २५ मिलिमीटरच्याही वर गेला होता. प्लग जवळजवळ सगळा गिलाव्यातच होता, आणि गिलावा विटेपासून सुटलेला होता. बोटाच्या पेराने ठोकले असते तर पोकळ आवाजाने ते आधीच सांगितले असते.

भिंत आत काय आहे हे ड्रिलमधून पडणारी भुकटी सांगते. आधी करडी आणि मग लाल झाली, तर गिलावा संपून वीट लागली. करडीच राहिली आणि बिट पुढे सरकेना, तर काँक्रीट. पांढुरकी, मऊ, भराभर पडणारी भुकटी म्हणजे हल्लीचे हलके सच्छिद्र ब्लॉक. त्यांना मशीनचा हातोडा बंद ठेवून नुसते फिरवूनच भोक पाडावे आणि त्यांच्यासाठीचे वेगळे प्लग वापरावेत. कोकणातल्या जांभ्याच्या भिंतीत बिट कधी झरकन् आत जाते, कधी अडते, कारण दगडातच पोकळ्या असतात. तेथे एखादे भोक वाया जाणारच. मातीत बांधलेल्या दगडी भिंतीत बिट सांध्यात शिरले तर ते भोक सोडून द्यावे. आणि कोणत्याही भिंतीत, विजेच्या बोर्डाच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत भोक पाडू नये. आत वायरीचा पाइप बहुधा तसाच गेलेला असतो.

दुसऱ्या शनिवारी आम्ही भिंतच बदलली. त्याचे कारण वेगळे होते. हात असलेले ब्रॅकेट आम्हाला हवे होते ते समोरच्या खिडक्यांची चकाकी टाळण्यासाठी. एकाने टीव्हीच्या जागी भिंतीला आरसा टेकवून धरला आणि बाकीचे बाकाबाकांवर बसून आरशात खिडकी दिसते का ते सांगू लागले. जिथून खिडकी दिसते, तिथून पडद्यावर चकाकी येणार. खिडक्यांच्याच भिंतीवर, दोन खिडक्यांच्या मधल्या जागेत, एकाही बाकावरून खिडकी आरशात आली नाही. मग हाताची गरजच संपली. साधे ब्रॅकेट आणले, ओढ सव्वादोन किलोंवर आली.

दोन्ही खुणा एका पातळीत घेण्यासाठी गवंड्यांची पारदर्शक नळी वापरली. पाणी दोन्ही टोकांना एकाच पातळीत राहते. मात्र नळीत हवेचा बुडबुडा अडकलेला नसावा, नाहीतर पाणीही खोटे बोलते. तिसऱ्या शनिवारी ६० मिलिमीटरचे प्लग लाल भुकटी दिसेपर्यंत आणि तिच्यापुढे आणखी ४० मिलिमीटर खोल गेलेल्या भोकांत बसवले. पाटीला बादली टांगली आणि काठोकाठ भरली, पंधरा लिटर. मधल्या सुट्टीभर तशीच ठेवली. मग टीव्ही लावला.

काम आटोपताना एका मुलाने विचारले, की ओढ फक्त वरच्या स्क्रूंवर येते, तर खालचे दोन काढून घेतले तर चालेल का? गणित त्याच्या बाजूचे होते. आम्ही त्याला टीव्हीची खालची कड धरून वर उचलून पाहायला सांगितले. मागून वायर खोचण्यासाठी प्रत्येक जण नेमके तेच करतो. त्या वेळी टेकू वरच्या कडेला जातो आणि ओढ खालच्या स्क्रूंवर येते. त्याने खालचे दोन्ही स्क्रू आणखी अर्धा आटा कसले.