क्लेअरमाँट : हिरवळीखालचा हिशेब

लंडनच्या नैऋत्येस, सरे परगण्यातील ईशर गावाजवळ क्लेअरमाँट हे ऐतिहासिक उद्यान आहे. तळे, त्यातले बेट, उतारावरची हिरवळ आणि जुने वृक्ष पाहताना हे सारे निसर्गानेच मांडले असावे, असे वाटते. वस्तुतः ही नैसर्गिकता मानवनिर्मित आहे.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात चार्ल्स ब्रिजमनने येथील टेकडी कोरून हिरवळीच्या पायऱ्यांचे अर्धवर्तुळाकार प्रेक्षागार घडवले. पुढे विल्यम केंटने मूळचे रेखीव गोल तळे वाढवून त्याला नैसर्गिक वळणे दिली. अशा उद्यानांत कुंपणाऐवजी ‘हा-हा’ नावाचा खोल चर खणत. तो दुरून दिसत नसल्याने गुरे बाहेरच राहत आणि नजर मात्र अडत नसे. आपली मालकी दूर क्षितिजापर्यंत पसरली आहे, असा भास त्यातून निर्माण होई.

१७६८ साली ही मालमत्ता रॉबर्ट क्लाइव्हने विकत घेतली. सखल जागेतील जुना वाडा पाडून उंचावर नवी वास्तू उभारण्याचे काम त्याने ‘केपेबिलिटी’ ब्राऊनकडे सोपवले. हे काम १७६९च्या सुमारास सुरू झाले. नेमक्या त्याच काळात बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला होता. त्या प्रांताची दिवाणी १७६५मध्ये क्लाइव्हनेच कंपनीसाठी मिळवली होती आणि प्लासीनंतर त्याची स्वतःची संपत्तीही तेथेच वाढली होती. १७७४मध्ये त्याचा मृत्यू झाला; नव्या घराचे सुख त्याला फारसे लाभले नाही.

मराठी वाचकाला क्लाइव्ह आणखी एका संदर्भात ठाऊक असायला हवा. फेब्रुवारी १७५६मध्ये पेशवे आणि इंग्रज यांनी संयुक्तपणे तुळाजी आंग्रे यांच्या विजयदुर्गावर मोहीम केली. त्या वेळी ॲडमिरल वॉटसनच्या आरमारासोबत जमिनीवरील इंग्रजी फौजेचे नेतृत्व क्लाइव्हकडे होते. किल्ल्यातील लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली. कोकण किनाऱ्यावरील स्वकीयांच्या वैराचा लाभ कोणाला झाला, हे त्या वाटणीतून स्पष्ट होते.

आज क्लाइव्हच्या वास्तूत शाळा भरते, तर उद्यान १९४९पासून नॅशनल ट्रस्टकडे आहे. आपल्या वास्तूंचे वसाहतवाद आणि गुलामगिरीशी असलेले संबंध मांडणारा अहवाल ट्रस्टने २०२०मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा ब्रिटनमध्ये मोठा वाद उसळला. सौंदर्याचा आस्वाद घेताना हिशेब कशाला, असा आक्षेप काहींनी घेतला. परंतु ब्रिजमन-केंटची कला खरी आहे आणि क्लाइव्हचा पैसा कोठून आला, हेही तितकेच खरे आहे. ‘हा-हा’चा चर ठाऊक असल्याने हिरवळ कमी सुंदर दिसत नाही, ती कशी घडली, एवढेच कळते.