वकट, लेंड, मूंड आणि एक बुटका

विटी टोलवली, ती लांब जाऊन पडली, कोणी झेलली नाही, की गलीपासून तिच्यापर्यंतचं अंतर दांडूने मोजायचं. मोजताना एक, दोन, तीन म्हणायचं नाही. वकट, लेंड, मूंड, नाल असं म्हणत जायचं. लहानपणी आम्हाला हे मंत्रासारखे वाटायचे, अर्थ नसलेले आणि म्हणूनच ताकदीचे. पुढे एका तेलुगू मित्राने ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु अशी बोटं मोजून दाखवली आणि माझ्या अंगावर काटा आला. उन्हाळ्याच्या सुट्टीभर आम्ही शेजारच्या भाषेतले एक, दोन, तीन, चार ओरडत होतो आणि आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता.

पण आज मला त्या मोजणीतली दुसरी गोष्ट जास्त अद्भुत वाटते. मोजणी ज्या शब्दावर थांबेल त्यावर पुढचा टोला ठरायचा. कधी विटी पायाच्या पंजावर ठेवून उडवायची, कधी मुठीवर, कधी मान मागे टाकून डोळ्यावर. म्हणजे मिळवलेला आकडा वहीत जाऊन बसत नव्हता. तो परत मैदानात यायचा आणि पुढच्या डावाला नवा, अवघड आकार द्यायचा.

हे सगळं परवा आठवलं ते वसमतच्या मोंढ्यात. हळदीचं बीट सुरू व्हायला वेळ होता. पोत्यांच्या थप्पीला पाठ टेकून भाचा मोबाइलवर खेळत होता आणि बोटांना हळद लागल्यामुळे स्क्रीनच्या दोन्ही कडांना पिवळे ठसे उमटले होते. तो ‘रँक पुश’ करत होता. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशी शिडी चढत चढत ‘कॉन्करर’पर्यंत जायचं. शिवाय अचीव्हमेंटचं पान वेगळं. अमुक इतक्या वेळा जिंकलास, अमुक प्रकारे जिंकलास, की तिथे एक चौकोन उजळतो आणि पॉइंट जमा होतात.

“त्या पॉइंटांचं पुढं काय होतं?”

“काही भेटत नाही, मामा. पण दिसतं ना.”

दिसतं ना! या दोन शब्दांत सगळं कोडं आहे. ज्याने पाव किलो साखर येत नाही, अशा आकड्यासाठी माणूस झोप मोडतो. आमच्या हिंगोलीत मोबाइल गेमचा विषय निघाला की २०१९चा मार्च आठवल्याशिवाय राहत नाही. पबजी खेळण्यात गुंगलेले दोन तरुण रुळांवर रेल्वेखाली गेले, ही बातमी तेव्हा देशभर पोचली होती. त्या घरांच्या दुःखावर मी इथे सिद्धांत रचणार नाही. पण खेळ माणसाला इतकं कसं धरून ठेवतो, हा प्रश्न आमच्याकडे नुसत्या कुतूहलाचा राहिलेला नाही, एवढं सांगायला हवं.

पॉइंटांची ही गंमत जुनी आहे. १९८२मध्ये अॅक्टिव्हिजन कंपनीचा ‘पिटफॉल’ आला. जंगलातून धावायचं, वेलीला लटकून खड्डे ओलांडायचे, खजिना गोळा करायचा. २० हजारांवर गुण गेले की टीव्हीच्या पडद्याचा फोटो काढून कंपनीला टपालाने पाठवायचा, मग कंपनी एक कापडी बिल्ला पाठवायची. विचार करा, एखादं पोर कॅमेऱ्यात रोल भरतंय, पडद्यावर चमक येऊ नये म्हणून खोलीतला दिवा मालवतंय, फोटो धुऊन यायची वाट बघतंय. एवढा खटाटोप कशासाठी, तर आपण केलेलं दुसऱ्या कोणीतरी पाहावं म्हणून. २००५च्या नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० आला आणि हा खटाटोप संपला. प्रत्येक मोठ्या गेममध्ये एकूण हजार पॉइंट वाटलेले, सगळ्या गेमची बेरीज एकाच आकड्यात आणि तो आकडा तुमच्या नावाशेजारी कायमचा. अमेरिकेतल्या रेमंड कॉक्स नावाच्या खेळाडूने २०१४मध्ये या बेरजेत दहा लाखांचा टप्पा गाठला. आठ वर्षांहून जास्त काळ लागला त्याला.

आता या आकड्याने खेळाची किंमत वाढते का? २००७मध्ये ‘अवतार’ या कार्टूनमालिकेवर एक गेम आला, ‘द बर्निंग अर्थ’. त्यातले सगळे हजार पॉइंट एकाच युक्तीने मिळायचे. सलग ५० फटके हाणा, संपलं. सुरुवातीच्या दोन-तीन मिनिटांत सगळी मिळकत हातात यायची. लोकांनी तो गेम तेवढ्यासाठी मिळवला, फटके हाणले आणि बाजूला ठेवला. पुढची सगळी गोष्ट, रंगवलेली गावं, रचलेली संकटं न पाहताच! ज्यांनी ते जग मेहनतीने उभं केलं त्यांचा विचार आला की मला वाईट वाटतं.

याचा उलगडा व्हिडिओ गेमच्या बाहेर, लहान मुलांच्या चित्रकलेत सापडतो. १९७३मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. आपणहून, आवडीने चित्रं काढणारी तीन ते पाच वर्षांची मुलं घेतली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर सोनेरी शिक्क्याचं, फीत लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना ते न सांगता, नंतर अचानक दिलं. काहींना काहीच नाही. मग एक-दोन आठवडे जाऊ दिले आणि वर्गात ते रंगीत पेन पुन्हा मोकळे ठेवले. ज्यांनी बक्षिसाच्या बोलीवर चित्रं काढली होती, ती मुलं आता इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांत रमली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र जशीच्या तशी होती. बक्षीस तेच, फीतही तीच. फरक एवढाच, की एकीकडे ते कारण होऊन आलं आणि दुसरीकडे शाबासकी होऊन.

स्वित्झर्लंडमधल्या बाझेल विद्यापीठात एलिसा मेकलर आणि सहकाऱ्यांनी हेच दुसऱ्या बाजूने तपासलं. लोकांना चित्रं दाखवून त्यांना सुचतील ते शब्द लिहायला लावले. पॉइंट, पातळ्या किंवा क्रमवारी लावली की शब्दांची संख्या वाढली. कामातली गोडी काही वाढली नाही. पॉइंट हाताला पळवतात. मनाचं मन बघून घेतं.

इथे मला आमच्याच जिल्ह्याची एक गोष्ट फार जवळची वाटते. नरसीचे नामदेव, आमच्यासाठी घरचेच. परंपरा सांगते की संतांच्या मेळ्यात गोरोबाकाकांनी आपलं थापटणं घेतलं आणि मडकी तपासावीत तशी एकेकाची डोकी थापटून पाहिली. नामदेव रागावले आणि निवाडा झाला, हे मडकं कच्चं आहे. साक्षात विठ्ठल ज्यांच्याशी बोलतो त्यांना भरसभेत हा शेरा! आणि तो शेरा नामदेवांना औंढ्याला, नागनाथाच्या देवळात विसोबा खेचरांकडे घेऊन गेला. कुंभार मडक्यावर टिचकी मारतो ती मडक्याला बक्षीस म्हणून नव्हे. आवाजावरून आत काय आहे ते कळावं म्हणून. माझं मत असं झालं आहे, की पॉइंट जिथे या टिचकीसारखा वाजतो तिथेच तो खेळात भर घालतो. तुझा नेम सुधारला, ही वाट तू पाहिलीच नव्हतीस, असं काही तो सांगत असेल तर त्याचं मोल आहे. आणि वकट-लेंडसारखा तो परत डावात उतरला, तर मग विचारूच नका.

असा एक पॉइंट खरोखर आहे. तो मी भाच्याला तिथेच पोत्यावर बसून सांगितला. २००७मध्ये व्हॉल्व्ह कंपनीचा ‘हाफ-लाइफ २ : एपिसोड टू’ आला. गेमच्या सुरुवातीलाच एका कोपऱ्यात बागेत ठेवतात तसला एक बुटका पडलेला असतो. कथेला त्याचा काडीचा उपयोग नाही. पण एक अचीव्हमेंट सांगते, याला शेवटपर्यंत ने आणि शेवटच्या रॉकेटमध्ये ठेव. झालं! तोच रस्ता, तेच शत्रू, पण सगळा गेमच नवा होतो. उघड्या गाडीतून बुटका वळणावर घरंगळून पडतो, गाडी थांबवून मागे यावं लागतं. ज्या राक्षसांपासून पळायचं, त्यांच्यादेखत एक बाहुला शोधत फिरायचं. एका निरुपयोगी मातीच्या पुतळ्याची माणसाला काळजी वाटू लागते.

गोष्ट इथेही संपत नाही. नोव्हेंबर २०२०मध्ये व्हॉल्व्हचे प्रमुख गेब नेवेल यांनी या बुटक्याची टायटॅनियमची छोटी प्रतिकृती रॉकेट लॅबच्या खऱ्या रॉकेटवर बसवली. न्यूझीलंडच्या किनाऱ्यावरून ते उडालं आणि बुटका खरोखर अवकाशात गेला. उड्डाण पाहणाऱ्या प्रत्येक माणसामागे एक डॉलर तिथल्या मुलांच्या रुग्णालयाला द्यायचं त्यांनी जाहीर केलं होतं.

भाच्याने मोबाइल पोत्यावर उपडा ठेवला होता. अवकाशाचं, रॉकेटचं त्याने काहीच विचारलं नाही. कपाळाला आठी घालून तो हातात नसलेलं काहीतरी धरून बघत होता.

“पण मामा, दोन्ही हातात बुटका धरला, तर गोळी कशी झाडायची?”

“नाही झाडता येत. त्याला खाली ठेवायचा, लढायचं, मग परत उचलायचा.”

“आन् लढता लढता तो गडगडला तर?”