थडीवरचे हिवाळी पाहुणे



दिवाळी सरली, द्राक्षबागांची गोडी छाटणी उरकली, की निफाडचा पारा खाली यायला लागतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा पेपरात छापून येतो आणि बागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. त्याच दिवसांत नांदूर मध्यमेश्वरच्या पाण्यावर हजारो पक्षी उतरलेले असतात. शनिवार-रविवारी शहरातल्या गाड्या येतात, गळ्यात दुर्बिणी अडकवलेली माणसं तासन्‌तास पाण्याकडे बघत बसतात. रस्त्याने कामाला जाताना आपण मनात म्हणतो, एवढं काय बघतात बाई हे?

तर या वेळी तेच समजून घेऊ. कारण ते बघायला बाहेरची माणसं पैसे खर्चून येतात आणि आपल्या ते रोज डोळ्यांसमोर असतं. शिवाय या पक्ष्यांचं आणि आपल्या विहिरीच्या पाण्याचं नातं आहे.

हे पाणी कुठून आलं?

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात, १९०७ ते १९११ या वर्षांत, दगडी बंधारा बांधला गेला. हेतू शेतीच्या पाण्याचा होता. इथून निघालेले कालवे कोपरगाव-राहात्याकडे जातात. पण नदी नुसतं पाणी आणत नाही, गाळही आणते. वर्षानुवर्षं गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं, मध्ये बेटं तयार झाली, कडेला पाणगवत वाढलं. बंधाऱ्याच्या दृष्टीने गाळ म्हणजे तोटा. पक्ष्यांना मात्र हीच जागा मानवली. उथळ पाण्यात उभं राहता येतं, चिखलात किडे, गोगलगायी, मासे मिळतात आणि गवतात लपता येतं.

१९८६ मध्ये सरकारने याला पक्षी अभयारण्य जाहीर केलं. जानेवारी २०२० मध्ये ही जागा रामसर यादीत आल्याचं जाहीर झालं. रामसर हे इराणमधलं गाव. तिथे १९७१ साली पाणथळ जागा जपण्याचा करार अनेक देशांनी मिळून केला, म्हणून हे नाव. महाराष्ट्रातली त्या यादीतली पहिली जागा म्हणजे आपलं नांदूर मध्यमेश्वर. तिथल्या नोंदीप्रमाणे झाडं, मासे, पक्षी, प्राणी मिळून ५३६ जाती इथे सापडल्या आहेत. नुसत्या पक्ष्यांच्याच दोनशेहून जास्त.

पाहुणे का येतात?

लोक म्हणतात, तिकडे थंडी असते म्हणून येतात. हे अर्धंच खरं. पिसांचं पांघरूण असलं की थंडी सोसता येते, भूक सोसत नाही. लडाख, तिबेट, मंगोलिया, सायबेरियातली तळी हिवाळ्यात गोठतात. पाण्यावर बर्फाचं झाकण बसलं की खाली चोच घालायची कशी? म्हणून ते दक्षिणेकडे निघतात. ऊसतोडीला जाणारी माणसं पोटासाठी बिऱ्हाड उचलतात, तसंच. मार्च-एप्रिलमध्ये परत जाऊन आपल्या मुलखात अंडी घालतात.

यातला पट्टकदंब, म्हणजे डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला रानहंस, हिमालय ओलांडून येतो. सात हजार मीटरच्या वर उडताना त्याची नोंद झालेली आहे. आपलं कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर. म्हणजे चार कळसूबाया एकावर एक ठेवल्या तरी हा त्यांच्यावरून जाईल.

सगळेच पक्षी परदेशी नसतात, बरं का. चित्रबलाक, उघड्या चोचीचा करकोचा, जांभळी पाणकोंबडी, वंचक हे इथलेच. पाणी असलं की असतात, आटलं की जवळपास सरकतात.

ओळखायचं कसं?

इंग्रजी नावांची गरज नाही. तुम्हाला पुष्कळ पक्षी आधीच माहीत आहेत. ज्वारी राखायला बसलेल्या बाईला भोरडी कुणी शिकवावी लागत नाही. गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची ही मैना मध्य आशियातून येते. थव्याने कणसावर पडते, पण टोळ आणि किडेही तेवढेच खाते. पाणी भरताना शेपटी वरखाली करत पळणारा धोबी तुम्ही पाहिलेलाच आहे. त्यातले बरेच धोबी हिवाळ्यापुरतेच आपल्याकडे असतात.

नवीन पक्षी दिसला तर आधी चोच बघा. चोच म्हणजे त्याचं अवजार, आणि अवजारं आपल्याला कळतात.

चमचा: पांढरा, उंच पक्षी. चोचीचं टोक पळीसारखं चपटं. आमटी ढवळावी तशी चोच पाण्यात डावी-उजवी फिरवतो.

थापट्या: रुंद चोचीचं बदक. चोचीच्या कडेला गाळणीसारखे दाते असतात. पाणी बाहेर टाकतं, किडे आत ठेवतं.

शराटी: कुदळीसारखी वाकलेली चोच. म्हणून त्याला कुदळ्याही म्हणतात. चिखल उकरतो.

शेकाट्या: काडीसारखे लांब गुलाबी पाय, चोच चिमट्यासारखी बारीक.

वारकरी: काळाभोर, कपाळावर गंध लावल्यासारखा पांढरा ठिपका. पाण्यावर दिंडीसारखे थव्याने असतात.

चक्रवाक: केशरी-तांबूस रंगाचं मोठं बदक, नेहमी जोडीने. गोष्टीतल्या चकवा-चकवीची जोडी ती हीच.

चोचीनंतर पाय बघा, मग तो कुठे उभा आहे ते बघा. काठावर, उथळ पाण्यात, खोल पाण्यात की गवतात? एवढ्या तीन गोष्टी सांगता आल्या तरी जाणकार माणूस नाव सांगू शकतो. मारुती चितमपल्ली वनखात्यात नोकरी करता करता पक्ष्यांची स्थानिक नावं रानातल्या आणि गावातल्या माणसांकडून टिपत गेले. तुमच्या सासूबाई, आजी एखाद्या पक्ष्याला वेगळं नाव घेत असतील तर ते वहीत लिहून ठेवा. ती माहिती पुस्तकातही सापडायची नाही.

बघायला जाताना

नाशिकपासून हे ठिकाण सुमारे ४० किलोमीटरवर आहे. चापडगाव आणि खानगाव थडीकडून पाणी जवळून दिसतं, तिथे निरीक्षण मनोरेही आहेत. उजाडताच जा. नऊ-दहानंतर ऊन चढतं आणि पक्षी सुस्तावतात. ऊन पाठीवर घेऊन उभ्या राहा, म्हणजे रंग नीट दिसतात. भडक साडीवर मातकट शाल घ्या. मोबाईलवर गाणी लावू नका, खडे मारून थवा उडवू नका. लांबच्या प्रवासाने थकलेला पक्षी दर वेळी उडाला की त्याची ताकद खर्ची पडते. मुलांना सोबत घ्याच. ५ ते १२ नोव्हेंबर हा राज्यात पक्षी सप्ताह असतो. पाच तारीख चितमपल्लींच्या जन्माची, बारा तारीख सालिम अलींच्या. जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते, तिथेही मोजणीला माणसं लागतात.

गटाला यात काय आहे?

पाहुणे पहाटे उपाशी येतात. त्यांना गरम चहा, भाकरी-पिठलं, ठेचा, थालीपीठ हवं असतं. हिशेब असा मांडून बघा. समजा २० माणसांनी १०० रुपयांचा नाश्ता केला, तर २,००० रुपये आले. सामान ९००, गॅस आणि वाहतूक २००. उरले ९००. तिघी राबल्या तर एकीला ३०० रुपये. हंगामात असे २० दिवस मिळाले तर एकीच्या हाती ६,००० पडतात. पैसा वाईट नाही, पण तो चार महिन्यांचा आहे आणि दर रविवारी गर्दी असेलच असंही नाही. म्हणून यासाठी मोठं कर्ज काढून शेड किंवा खोल्या बांधू नका. घरातली भांडी, गटाची चटई आणि अंतर्गत कर्जातून थोडं भांडवल, एवढ्यावर एक हंगाम काढा. अभयारण्याच्या हद्दीत काही मांडायचं तर आधी वनविभागाला विचारा आणि अन्नपदार्थ विक्रीची नोंदणी करून घ्या.

दुसरं काम वाटाड्याचं. गावातले तरुण हे काम करतात. बायकांनी का करू नये? शहरातून येणाऱ्या कितीतरी महिलांना, शाळेच्या सहलींना बाई सोबत असली तर बरं वाटतं.

पक्षी आणि आपलं पाणी

आता मुद्द्याचं. पक्षी कमी झाले तर त्याचं कारण बहुतेक वेळा पाण्यात असतं. पाणवेलीने पाणी झाकलं की बुडी मारणाऱ्या बदकांना जागा उरत नाही. ती पाणवेल वाढते वरून येणाऱ्या सांडपाण्यावर आणि खतावर. म्हणजे पाणवेल दिसली तर समजायचं, हेच पाणी आपल्या गुरांच्या हौदात आणि विहिरीतही झिरपतंय. म्हणून थडीवरच्या बाईने पक्ष्यांकडे लक्ष ठेवायचं. पाण्याचा तपासणी अहवाल यायच्या आधी खबर तिथे मिळते.

आपल्या हातात असलेल्या गोष्टी या:

फवारणीचा पंप आणि औषधाचे डबे नदी-नाल्यात धुऊ नका. फवारणीला जाणाऱ्या बायकांच्या हातालाही तेच औषध लागतं.

पट्टकदंब, पाणकोंबड्या हरभऱ्यात, गव्हात शिरतात, नुकसान करतात. ते खरं आहे. चमकणारी पट्टी लावा, राखण ठेवा, पण विषारी दाणे टाकू नका. त्या दाण्यांनी आपली कोंबडी, कुत्रं आणि कधी लेकरूही जातं. फासे लावणं, शिकार करणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

संक्रांतीला नायलॉन मांजा घरात येऊ देऊ नका. २०१७ पासून देशभर त्यावर बंदी आहे. येवल्यात तर तीन दिवस पतंगांनी आभाळ भरतं. झाडाला अडकलेला मांजा पुढे कित्येक महिने पंख कापत राहतो आणि दुचाकीवरच्या माणसाचा गळाही कापतो. खरेदी घरातली बाई थांबवू शकते.

ज्यांनी गटाच्या कर्जातून गावरान कोंबड्या घेतल्या आहेत, त्यांनी हिवाळ्यात त्या काठावर चरायला सोडू नयेत. बर्ड फ्लू रानपक्ष्यांकडून कोंबड्यांत येऊ शकतो. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला, लाखो कोंबड्या माराव्या लागल्या होत्या. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. जखमी पक्षी दिसला तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक लावा.

पुढच्या बैठकीसाठी

हप्ते गोळा झाल्यावर पाच मिनिटं काढा. प्रत्येकीने या महिन्यात आपल्या मळ्यात, विहिरीवर किंवा काठावर पाहिलेला एक पक्षी सांगायचा: चोच, पाय, जागा आणि घरात चालणारं नाव. सचिवांनी ते वहीच्या शेवटच्या पानावर तारखेसह लिहायचं. पुढच्या हिवाळ्यात तेच पान उघडायचं. कोण आलं, कोण आलं नाही हे पडताळून बघायचं, आणि जो आला नाही त्याच्या निमित्ताने ग्रामसभेत पाण्याचा प्रश्न विचारायचा. तेव्हा तारखेनिशी लिहिलेली वही आपल्या हातात असेल.