सेल ‘संपला’ म्हणजे काय?

सेल किती दिवस चालतो हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही, हे आम्हांस एका तंट्यात कळले. एका कारखान्यात रात्रपाळीच्या पहारेकऱ्यांना छोट्या एलईडी विजेऱ्या होत्या. त्यांचे सेल महिन्यातून एकदाच मिळत. मालकपक्ष म्हणे, महिना सहज निघतो. पहारेकरी म्हणत, पंधरवड्यातच संपतात. आणि खोटे कोणीच बोलत नव्हते!

आधी कागदावरचा हिशेब पाहू. पेन्सिल सेलचा दाब दीड व्होल्ट. तीन सेल एकापुढे एक जोडले की साडेचार. पांढऱ्या एलईडीस सुमारे तीन व्होल्ट लागतात. उरलेल्या दीड व्होल्टासाठी मध्ये ७५ ओहमचा रोधक घातला, की २० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. चांगल्या अल्कलाइन सेलचा साठा सुमारे २,००० मिलिअँपिअर-तास धरला, तर भागाकार येतो १०० तास.

पण सेलचा दाब शेवटपर्यंत सारखा राहत नाही. तो प्रत्येकी १.२ व्होल्टांवर उतरला, की प्रवाह जवळजवळ निम्मा होतो आणि दिवा मंदावतो. मंद दिव्याला वीज कमी लागते, म्हणून तो पुढे कितीतरी तास मिणमिणत राहतो. मालकपक्ष दिवा विझेपर्यंतचे दिवस मोजत होता. पहारेकरी कुलूप दिसेनासे होईपर्यंतचे.

मग चाचणी कशी घ्यावी? सेल नवे व एकाच खरेदीतले घ्यावेत, त्यांवर तारीख लिहावी. एकाच संचावर विसंबू नये, निदान तीन संच जाळून पाहावेत. अंधाऱ्या खोलीत दिव्यापासून ठरावीक अंतरावर वर्तमानपत्र धरावे. अक्षर कधी लागेनासे झाले आणि दिवा कधी विझला, या दोन्ही वेळा वेगवेगळ्या टिपाव्यात. साधा जस्त-कार्बन सेल विश्रांती मिळाली की थोडा सावरतो. म्हणून पहारेकरी जसा थांबून थांबून विजेरी लावतो, तशीच ती चाचणीतही लावावी.

आम्ही हे दोन्ही पक्षांसमक्ष केले. दोन आकडे शेजारी-शेजारी लिहिले गेले, तेव्हा भांडण आपोआप ओसरले आणि सेल पंधरवड्याने मिळू लागले.

तेव्हापासून आमचा एक नेम आहे. मोजायला बसण्यापूर्वी ‘संपले’ कशाला म्हणायचे ते ठरवावे. आणि ते ठरवताना, ज्याला त्या उजेडात चालायचे आहे त्याला आधी विचारावे.