चॉकलेटचं झाड जेवतं काय?

चॉकलेट न आवडणारं मूल शोधून सापडायचं नाही! पण ज्या कोकोपासून ते बनतं, त्या झाडाला काय खायला लागतं, ठाऊक आहे?

चला तर मग पश्चिम आफ्रिकेतल्या घाना देशात. १८७९ साली टेटे क्वार्शी नावाच्या लोहाराने फर्नांडो पो बेटावरून कोकोच्या बिया आणल्या आणि मॅम्पाँग गावी लावल्या. आज तिथली लाखो कुटुंबं कोकोवर जगतात. कोकोची फळं आपल्या फणसासारखी थेट खोडाला लागतात. एका फळात साधारण तीस-चाळीस बिया. त्या आंबवायच्या, वाळवायच्या आणि पोती भरून विकायच्या.

पण पोत्यातून नुसत्या बिया जात नाहीत बरं का! एक टन सुक्या बियांबरोबर सुमारे २० किलो नत्र शेताबाहेर जातं. स्फुरद आणि पालाश वेगळंच. वर्षानुवर्षं नुसतं घेतच राहिलं, तर जमीन थकणारच ना? मग पीक घटतं आणि शेतकरी नवं जंगल तोडून तिथे कोको लावतात. शेजारच्या आयव्हरी कोस्टमधलं बहुतेक जंगल १९६० नंतर नाहीसं झालं, त्यात कोकोचा वाटा मोठा आहे. म्हणजे जंगल वाचवायचं, तर जुन्या जमिनीचं पोट भरायला हवं.

कशाने भरायचं? रासायनिक खताने की सेंद्रिय?

एक हिशेब करू या. युरियाच्या ५० किलोच्या पोत्यात २३ किलो नत्र असतं. कंपोस्टमध्ये मात्र शंभर किलोला जेमतेम एक-दोन किलो! तेवढंच नत्र हवं असेल, तर एक-दोन टन कंपोस्ट शेतात वाहून न्यावं लागेल. रासायनिक खत लवकर लागू पडतं, हे खरंच. पण जोराच्या पावसात त्यातलं बरंच वाहून जातं. अमोनियम सल्फेटसारखं खत वर्षानुवर्षं घातलं, तर जमीन आम्लधर्मी होते. शिवाय ते विकत घ्यावं लागतं. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं आणि जगभर खतं कडाडली. गरीब शेतकऱ्याने काय करावं?

कंपोस्ट सावकाश काम करतं, पण माती भुसभुशीत ठेवतं, ओल धरून ठेवतं आणि गांडुळांना खाऊ देतं.

आणि गंमत म्हणजे, खताचा एक साठा शेतातच पडलेला असतो! कोकोच्या फळाचं सुमारे तीन-चतुर्थांश वजन टरफलाचं असतं आणि त्यात भरपूर पालाश असतं. मग टरफलं तशीच झाडाखाली टाकली तर? छे! कुजणाऱ्या ढिगात फळं काळी पाडणाऱ्या रोगाचे जंतू वाढतात आणि पावसाच्या थेंबांबरोबर पुन्हा झाडावर चढतात. म्हणून टरफलं गोळा करून, नीट कुजवून त्यांचं कंपोस्ट करायचं. चांगला ढीग आतून इतका तापतो, की हे जंतू मरतात.

मग जिंकलं कोण? कुणीच नाही! सेंद्रिय खताने मातीचा कस टिकवायचा आणि जे कमी पडेल, तेवढंच रासायनिक खत मोजून-मापून द्यायचं. दोघांची जोडीच बरी.

आता तुम्ही सांगा पाहू, तुमच्या घरातल्या भाज्यांच्या साली आणि देठं जातात कुठे? कचऱ्यात की कुंडीत?