बसवून ठेवू नका, सोबत चाला

आपल्या घरांत वडीलधाऱ्यांची खिदमत म्हणजे त्यांना जागचे उठू न देणे, असा समज आहे. अब्बांनी पाणी मागायच्या आत पेला हातात येतो. दादीने झाडू उचलला की सुना धावतात. हे सारे मायेपोटीच होते. पण अल्झायमर झालेल्या माणसाचे अशा मायेने नुकसान होते. वाशीम, कारंजा, मंगरूळपीर, रिसोडकडे कितीतरी वडीलधारे उभा जन्म शेतात, बाजारात, चुलीपुढे राबलेले आहेत. त्यांना एकदम खाटेवर बसवले, तर चालते शरीरही लवकर थकते.

अल्झायमर म्हणजे नुसता म्हातारपणाचा विसराळूपणा नव्हे. १९०६ साली जर्मन डॉक्टर अलोइस अल्झायमर यांनी या आजाराची पहिली माहिती मांडली. यात मेंदूत काही प्रथिने साचतात, पेशी मरू लागतात आणि आठवणी साठवणारा हिप्पोकॅम्पस हा भाग आकसतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतात साठी ओलांडलेल्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे शंभरात सात जणांना. स्मृतिभ्रंशाचे सर्वांत मोठे कारण अल्झायमर हेच आहे.

व्यायामाने काय होते? मेंदूचा रक्तपुरवठा सुधारतो, पेशींना पोसणारे घटक वाढतात, रक्तदाब आणि साखर आटोक्यात राहते. अमेरिकेत २०११ साली स्मृतिभ्रंश नसलेल्या १२० वृद्धांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. जे वर्षभर आठवड्यातून तीन दिवस ४० मिनिटे चालले, त्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्के वाढला. ज्यांनी फक्त अंग ताणण्याचे हलके व्यायाम केले, त्यांचा तो आकसला.

मात्र आजार जडल्यावर व्यायाम हे औषध ठरत नाही, हेही सांगितले पाहिजे. इंग्लंडमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जवळपास ५०० रुग्ण होते. ज्यांनी चार महिने जोरकस व्यायाम केला, त्यांचे शरीर सुधारले. स्मृतीची घसरण थांबली नाही. उलट फिनलंडमध्ये २१० रुग्णांच्या अभ्यासात (२०१३) वर्षभर नियमित व्यायाम करणाऱ्यांची रोजची कामे स्वतः करण्याची ताकद हळू घटली आणि ते पडलेही कमी. म्हणजे चालल्याने अम्मीला आपले नाव आठवेलच असे नाही. पण ती स्वतःच्या पायांनी वजूला जाऊ शकेल. घराला हा दिलासा लहान नाही.

आम्ही सुचवतो ते असे. डॉक्टरांना विचारून रोज ठरावीक वेळी, ओळखीच्या रस्त्याने, घरातल्या कोणीतरी सोबत चालावे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात फजरनंतरची वेळ उत्तम. घट्ट बसणारे बूट घालावेत, पाणी जवळ ठेवावे, खिशात नाव आणि फोन नंबरची चिठ्ठी असावी. छातीत दुखले किंवा चक्कर आली तर लगेच थांबावे. बाहेर जाणे जमत नसेल तर अंगणात फेऱ्या माराव्यात. शेंगा सोलणे, कपड्यांच्या घड्या घालणे अशी कामे काढून घेऊ नयेत. नमाजमध्ये सांध्यांची हालचाल होते, पण तेवढ्याने चालण्याची भरपाई होत नाही.

नुकताच विसर पडू लागला असेल तर आधी तपासणी करावी. थायरॉइड किंवा बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही विसर पडतो आणि त्यावर इलाज आहे. ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या राष्ट्रीय हेल्पलाईनवर मार्गदर्शन मिळते.

जाणते असूनही माणूस अजाण होऊन जातो, अशा वयाचा उल्लेख कुरआनच्या सूरह नहलमध्ये (आयत ७०) आहे. सूरह बनी इस्राईलमध्ये (आयत २३) म्हाताऱ्या आईवडिलांशी अदबीने बोलण्याची ताकीद आहे. एकच प्रश्न दहादा विचारणाऱ्या वडिलांचा हात धरून त्यांच्या चालीने चालणे, हीही तीच अदब आहे. आणि चाळिशी-पन्नाशीतल्या मुलाने रोज अर्धा तास सोबत चालले, तर त्याच्या स्वतःच्या मेंदूचीही काळजी वेळेवर घेतली जाते.